मराठवाड्यातील शालेय फुटबॉल : हैदराबाद संस्थानाचा वारसा आणि हिंगोली जिल्हा

प्रस्तावना

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अंमलात आली आणि हैदराबाद राज्यातील औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठीभाषक जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले. आजचा हिंगोली जिल्हा त्यावेळी परभणी जिल्ह्याचा भाग होता; त्याला स्वतंत्र अस्तित्व लाभले ते १ मे १९९९ रोजी. या पुनर्रचनेनंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉल संघाने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव करून उपांत्य फेरी गाठली. ऑलिंपिक फुटबॉलमधील भारताची ही आजवरची सर्वोच्च कामगिरी होय. संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळाशिक्षक होते आणि संघातील अनेक खेळाडू हैदराबाद-सिकंदराबादच्या मैदानांवर घडलेले होते.

म्हणजेच ज्या राज्याच्या राजधानीने भारतीय फुटबॉलला त्याचा सुवर्णकाळ दिला, त्याच राज्याचे हिंगोली, कळमनुरी व वसमत हे तालुके होते. असे असूनही मराठवाड्याच्या माध्यमिक शाळांत फुटबॉल रुजला नाही. येथील शाळेच्या मैदानावर कबड्डी व खो-खो आले, व्हॉलीबॉल आला, आणि पुढे क्रिकेटने सर्वांनाच मागे सारले. असे का घडले आणि माध्यमिक शाळेत फुटबॉल चालविणे म्हणजे नेमके काय काय चालविणे, या दोन प्रश्नांचा परामर्श प्रस्तुत निबंधात घेतला आहे. हे दोन्ही प्रश्न परस्परांशी निगडित आहेत, कारण पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी दुसऱ्यात दडलेले आहे.

राजधानीतील शाळा आणि तालुक्याची शाळा

भारतात फुटबॉल आला तो प्रामुख्याने लष्करी छावण्यांतून. ड्युरँड चषक १८८८ मध्ये व रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला आणि दोन्ही स्पर्धांच्या आरंभीच्या काळावर ब्रिटिश पलटणींचे वर्चस्व होते. हिंगोली हेही छावणीचेच गाव होते. निजामाच्या राज्यातील 'हैदराबाद कंटिन्जंट' या फौजेची येथे ठाणी होती. १९०३ मध्ये ही फौज भारतीय सैन्यात विलीन करण्यात आली आणि हिंगोलीची छावणी ओसरली. याउलट सिकंदराबाद व बोलारम येथील छावण्या टिकल्या. फुटबॉलचा प्रवास छावणीतून शहरातील संघांकडे, संघांतून महाविद्यालयांकडे आणि तेथून शाळांकडे होण्यास दोन-तीन दशके लागली. ती दशके सिकंदराबादला मिळाली, हिंगोलीला मिळाली नाहीत. इतिहासात अशी हुकलेली वेळही एक कारण ठरते.

रहीम यांचे चरित्र शालेय फुटबॉलच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. १९०९ मध्ये जन्मलेल्या रहीम यांनी हैदराबादेतील काचीगुडा माध्यमिक शाळा, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून अध्यापन केले व शारीरिक शिक्षणाची पदविकाही संपादन केली. १९४० च्या दशकापासून १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते. १९५० पासून त्यांनी हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाला प्रशिक्षण दिले आणि या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. तथापि या यशामागे असलेली पद्धत शाळामास्तराची होती, ही गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. त्यांनी केवळ कमकुवत पायानेच चेंडू मारण्याची स्पर्धा घेतली. चेंडू पायात खेळवत न ठेवता एका स्पर्शात पुढे देण्याची स्पर्धा घेतली. लहान मैदानावर कमी खेळाडूंचे सामने घेतले. वर्गात ज्याप्रमाणे एखादा शिक्षक पाढ्यांची उजळणी वेगवेगळ्या युक्त्यांनी करून घेतो, त्याच जातीची ही युक्ती होती. तिला खर्च जवळजवळ नव्हता. लागत होता तो वेळ आणि शिक्षकाचे लक्ष.

खर्च नव्हता असे म्हणताना एक अपवाद करावा लागतो. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील तुळशीदास बलराम हे पुढे ऑलिंपिकपटू झाले. त्यांना सरावाला येणे परवडत नव्हते, तेव्हा रहीम यांनी भाड्याच्या सायकलीसाठी त्यांना रोज पैसे देऊ केले, असे सांगितले जाते. शालेय क्रीडा कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात 'सायकलभाडे' असे शीर्षक कोठेही आढळत नाही. प्रत्यक्षात खेड्यातील मुलगा संघात राहतो की गळतो, हे अनेकदा याच शीर्षकावर ठरते. हिंगोली जिल्ह्यात संध्याकाळची शेवटची एस.टी. आणि सरावाची वेळ यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आजही क्रीडा शिक्षकाला सोडवावा लागतो.

मराठवाड्यातील शाळांची परिस्थिती निराळी होती. संस्थानात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हे त्याचे सर्वोच्च रूप. मराठी माध्यमाच्या खाजगी शाळा काढण्यास अनेक अडथळे होते. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा अथवा सेलूचे नूतन विद्यालय यांसारख्या संस्था त्यागी शिक्षकांच्या बळावर उभ्या राहिल्या. सभा-संमेलनांप्रमाणेच आखाडे व व्यायामशाळा यांवरही शासनाचे निर्बंध होते आणि १९३८-३९ च्या सत्याग्रहात आखाड्यांचा प्रश्न पुढे आला होता. त्यामुळे मराठवाड्यातील तरुणांच्या मनात शरीरसंवर्धनाचा संबंध जोडला गेला तो आखाडा, लाठी, मल्लखांब व देशी खेळ यांच्याशी. फुटबॉल हा राजधानीतील सरकारी हायस्कुलांचा व पोलिसांचा खेळ राहिला. त्याच्याविषयी येथे वैर होते असे नव्हे. आपुलकी मात्र निर्माण झाली नाही.

स्वातंत्र्यानंतर शाळांची संख्या वाढली तेव्हा व्यायाम शिक्षकांची गरज निर्माण झाली. ही गरज भागविण्यात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा वाटा मोठा होता. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने देशी खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. हिंगोलीला अमरावती हैदराबादपेक्षा जवळ, भाषाही एकच. हे शिक्षक कबड्डी व खो-खो घेऊन आले, हे स्वाभाविकच होते. दुसरीकडे हैदराबादशी असलेला क्रीडासंबंध पुनर्रचनेने तुटला. संतोष करंडक स्पर्धेत १९५६-५७ व १९५७-५८ अशी सलग दोन वर्षे हैदराबादने विजेतेपद मिळविले आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात पराभूत झाला तो मुंबईचा संघ. हैदराबाद राज्य नकाशावरून गेले होते, फुटबॉल संघाच्या नावात मात्र ते शिल्लक होते. परभणी जिल्हा या सुमारास कागदोपत्री पराभूत संघाच्या बाजूला होता.

चामडे, अनवाणी पाय आणि मुका मार

खेळाडूंच्या सुरक्षिततेचा विचार हा आधुनिक काळातील नवा विषय आहे, असा समज आढळतो. वस्तुतः भारतीय शालेय फुटबॉलचा आरंभच पायाच्या प्रश्नाने झाला. श्रीनगर येथील मिशन शाळेत टिंडेल-बिस्को यांनी १८९१ मध्ये फुटबॉल आणला तेव्हा चामड्याच्या चेंडूला पाय लावण्यास विद्यार्थ्यांनी नकार दिला होता. तेथे अडचण विटाळाची होती. पुढील साठ वर्षांत अडचण बदलली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाकडून १-१० असा पराभव झाल्यानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. अनवाणी खेळाचे कौतुक आजही होते, परंतु त्या कौतुकात गरिबीचा भाग किती होता हे तपासले जात नाही.

हिंगोली जिल्ह्यातील मैदानांच्या संदर्भात हा मुद्दा अधिक गंभीर आहे. येथील बरीचशी जमीन काळी कापसाची आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती पायाला चिकटते आणि सुकताना खुरांचे व टायरचे ठसे दगडासारखे घट्ट होतात. त्यावर मुरूम टाकला तर गुडघे सोलतात. अशा जमिनीवर धावताना सर्वाधिक धोका घोट्याला असतो. बुटांचा जोड महाग आहे, हे खरे. परंतु मैदान सपाट करणे, भेगा भरणे, खेळापूर्वी काचा व खडे वेचणे यासाठी पैशापेक्षा शिस्त लागते. नडगीरक्षक अर्थात शिनगार्ड तर खेळाच्या नियमांनीच अनिवार्य केलेले आहेत. जिल्हास्तरीय सामन्यात एकाच जोडीची अदलाबदल करून दोन संघ खेळत असतील, तर नियम पाळला गेला असे म्हणता येणार नाही.

गोलखांब हा दुसरा दुर्लक्षित विषय. नियमानुसार गोलखांब जमिनीत पक्के रोवलेले असावेत. शाळांमधून मात्र लोखंडी पाइपांची चौकट वेल्डिंग करून नुसती उभी केली जाते, कारण त्याच मैदानावर दुसऱ्या दिवशी परिपाठ, १५ ऑगस्टची कवायत किंवा गावातील लग्न असते. त्या चौकटीला लोंबकळणारे पाचवी-सहावीचे मूल हे फुटबॉल खेळतही नसते. जगभरात अशा न रोवलेल्या गोलखांबांखाली सापडून मुले दगावली आहेत. दोन्ही बाजूंस जमिनीत खिळे ठोकून किंवा वाळूची पोती टाकून चौकट जखडणे, आणि खेळ संपल्यावर ती आडवी पाडून कुलपात ठेवणे, एवढेच येथे अपेक्षित आहे.

डोक्याच्या दुखापतीविषयी गेल्या दशकात जगाची दृष्टी बदलली. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्याने चेंडू मारण्यास बंदी केली व अकरा ते तेरा वयोगटासाठी सरावात मर्यादा घातली. इंग्लंडमध्ये २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या मुलांसाठी तसाच निर्णय झाला. आपल्याकडे 'मुका मार' हा शब्द अशा दुखापतीला लावला जातो आणि त्या शब्दातच तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची मुभा मिळते. रक्त आले तर मुलाला दवाखान्यात नेले जाते. डोक्याला मुका मार लागला तर तोंडावर पाणी मारून पुन्हा मैदानात पाठविले जाते. हे थांबावयास हवे. अशा मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवू नये, हा नियम क्रीडा शिक्षकाला पदवीच्या अभ्यासक्रमातून नव्हे तर निदान मुख्याध्यापकाच्या परिपत्रकातून तरी मिळावा.

हवामानाचा धोका येथे वेगळाच. शालेय फुटबॉल स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात आणि मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसे व जनावरे मृत्युमुखी पडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप आता मोबाइलवर विजेची पूर्वसूचना देते. गडगडाट ऐकू येताच खेळ थांबवावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मुलांना मैदानात आणू नये, हा साधा दंडक आहे. पंचांनी तो पाळल्यास स्पर्धेचे वेळापत्रक कोलमडते, म्हणून तो पाळला जात नाही.

वयचोरी हीदेखील सुरक्षिततेचीच बाब समजली पाहिजे. ती सामान्यतः फसवणूक म्हणून पाहिली जाते. परंतु चौदा वर्षांखालील गटात सतरा वर्षांचा मुलगा उतरविला जातो तेव्हा त्याच्या धडकेने खाली पडणारा मुलगा खरोखरच तेरा वर्षांचा असतो. निर्गम उतारा काळजीपूर्वक तपासणारा लिपिक हा या अर्थाने संघाचा पहिला संरक्षक ठरतो.

दुखापत झाल्यानंतरच्या मदतीसाठी महाराष्ट्रात राजीव गांधी विद्यार्थी सुरक्षा योजना आहे. तिच्या रकमा २०२२ मध्ये वाढविण्यात आल्या. पालक व शिक्षक या दोघांनाही तिची माहिती असणे आवश्यक आहे. मात्र या योजनेतून मिळते ते अपघातानंतरचे अनुदान; अपघात टाळण्यासाठी लागणारा खर्च तिच्या कक्षेबाहेर आहे.

एक एकराचा हिशेब

फुटबॉल न रुजण्याचे सर्वात व्यावहारिक कारण जमिनीत आहे. नियमांनी मान्य केलेले किमान मैदान ९० मीटर लांब व ४५ मीटर रुंद, म्हणजे ४,०५० चौरस मीटर असते. हे क्षेत्र जवळजवळ नेमके ४० गुंठे, एक एकर भरते. कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटरचे, म्हणजे १३० चौरस मीटर. फुटबॉलच्या किमान मैदानात कबड्डीची एकतीस मैदाने मावतात. खो-खोला २७ बाय १६ मीटर पुरतात. ज्या संस्थेने गावकऱ्यांकडून दानात दोन एकर जमीन मिळवून तीत वर्गखोल्या बांधल्या, तिच्यापुढे निवड अशी फारशी नव्हतीच. देशी खेळांच्या लोकप्रियतेचे श्रेय परंपरेला देताना हा हिशेबही ध्यानात घ्यावा. शिवाय एका कबड्डी संघात मैदानावर सात खेळाडू, फुटबॉलमध्ये अकरा. विभागीय स्पर्धेचा प्रवासखर्च दीडपटीहून अधिक होतो.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावे अशी तरतूद आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक विद्यार्थी असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असेही तेथे नमूद आहे. 'अंशकालीन' हा शब्द महत्त्वाचा. रहीम यांची पद्धत पूर्णवेळ शिक्षकाची होती. तासाच्या मानधनावर येणारा निदेशक सराव घेऊ शकेल. मैदानाची निगा, पालकांची संमतीपत्रे, प्रथमोपचार पेटी आणि मुलाचे घरी पोहोचणे या जबाबदाऱ्या त्याच्याकडे देता येत नाहीत. मुलींच्या संघाबाबत तर ही अडचण दुणावते. बाहेरगावच्या सामन्याला सोबत शिक्षिका हवी, मुक्कामाची व्यवस्था हवी. ती नसेल तर वडील पाठवीत नाहीत आणि त्यांना दोष देता येत नाही.

वर्गणीची परंपरा

भारतीय शालेय फुटबॉलमधील पहिली वर्गणी विद्यार्थ्यांनीच गोळा केली होती. कलकत्त्याच्या हेअर स्कूलमधील नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी या बालकाने १८७७ च्या सुमारास वर्गमित्रांकडून पैसे जमवून युरोपीय दुकानातून चेंडू आणला आणि तो रग्बीचा निघाला, अशी हकीकत सांगितली जाते. निधी जमला, पण माहितगार माणूस सोबत नव्हता. ही चूक पुढेही अनेक योजनांत पुन्हा घडलेली दिसते.

महाराष्ट्रात लोकाश्रयावर उभ्या राहिलेल्या फुटबॉलचे ठळक उदाहरण म्हणजे कोल्हापूर. १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला छत्रपती घराण्याचा आश्रय लाभला. परंतु संघ उभे राहिले ते पेठांतून व तालमींतून. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावेच सांगतात की कोल्हापूरने आखाडा आणि फुटबॉल यांत विरोध मानला नाही. शाहू स्टेडियमवर तिकीट काढून सामना पाहणारा प्रेक्षक हा तेथील खरा देणगीदार आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केला, तोही आधी कोणतेही अनुदान नसताना. कोल्हापूरला राजाश्रय व पेठ होती, नागपूरला एक हट्टी शिक्षक होता. हिंगोलीत पहिले मिळणे नाही. दुसऱ्याची शक्यता नेहमीच असते, पण तिच्यावर धोरण आखता येत नाही.

शासकीय निधीचे स्वरूपही पाहिले पाहिजे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा अभियानात क्रीडासाहित्यासाठी माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळेस वार्षिक २५,००० रुपयांपर्यंत तरतूद करण्यात आली. ती शासकीय शाळांसाठी होती. महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने खाजगी अनुदानित संस्थांच्या हाती आहे, त्यामुळे मोठ्या संख्येने विद्यार्थी या तरतुदीबाहेर राहतात. अनुदानित शाळांचे वेतनेतर अनुदान २००४ नंतर काही वर्षे बंद होते व २०१३ पासून मर्यादित दराने पुन्हा सुरू झाले. त्यातून खडू, वीजबिल आणि झाडलोट भागल्यावर चेंडूसाठी फारसे काही उरत नाही. कंपनी अधिनियम, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चात करण्यात आला आहे. पण मोठे उद्योग नसलेल्या जिल्ह्याला कंपनी शोधण्यासाठी पुण्या-मुंबईकडे पाहावे लागते. उरतो तो माजी विद्यार्थी, हळदीचा व्यापारी आणि गावचा गणेश मंडळाचा कार्यकर्ता. त्यांच्याकडे जाताना 'फुटबॉलसाठी मदत' असे मोघम मागण्यापेक्षा वीस जोड शिनगार्ड, गोलखांबांचे रोवणीकाम, एका फेरीचे जीपभाडे अशी मागणी केल्यास ती पूर्ण होण्याची शक्यता अधिक असते. देणगीची पावती द्यावी व हिशेब फलकावर लावावा. लोकवर्गणीवर उभ्या राहिलेल्या मराठवाड्यातील जुन्या शाळांना हे मुद्दाम शिकविण्याची गरज पडली नव्हती.

१५ सप्टेंबर २०१७

विश्वचषकाच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाने १५ सप्टेंबर २०१७ रोजी 'मिशन वन मिलियन' हा उपक्रम राबविला. राज्यातील दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा, असा त्याचा उद्देश होता. शाळांना चेंडू देण्यात आले. दोन दिवसांनी, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन होता. ज्या मैदानांवर ध्वजवंदनाची आखणी व्हावयाची होती तेथेच गोल आखले गेले. ऑक्टोबरमध्ये नवी मुंबईत विश्वचषकाचे सामने झाले. या उपक्रमाचा हेतू चांगला होता आणि अनेक मुलांनी त्या दिवशी आयुष्यात प्रथमच फुटबॉलला पाय लावला, ही गोष्ट कमी लेखता येणार नाही. परंतु चेंडू हा या खेळातील सर्वात स्वस्त घटक आहे. तो दिला, मैदान दिले नाही. दिवस ठरविला, शिक्षक ठरविला नाही. हेअर स्कूलमधील मुलांकडे चेंडू चुकीचा आला होता, येथे तो बरोबर आला.

शालेय फुटबॉलच्या वार्षिक क्रमात सर्वात आधी येते ती सुब्रोतो मुखर्जी चषक स्पर्धा. १९६० मध्ये सुरू झालेल्या या आंतरशालेय स्पर्धेच्या जिल्हास्तरीय फेऱ्या पावसाळ्याच्या आरंभी होतात. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. त्यानंतर संघनिवड, निर्गम उतारे, ऑनलाइन प्रवेशिका आणि सराव यांसाठी जेमतेम काही आठवडे हाती राहतात. त्याच आठवड्यांत हिंगोलीच्या काळ्या जमिनीवर पहिला पाऊस पडलेला असतो आणि आठवी-नववीतील मुलगा सोयाबीनच्या पेरणीसाठी वडिलांबरोबर शेतात असतो. सराव परीक्षेनंतर, सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान घेतला तर जमीन कोरडी असते आणि ऊनही चढलेले नसते. त्यासाठी शाळेचे फाटक सुटीत उघडे राहावे लागते, आणि फाटकाची किल्ली क्रीडा शिक्षकाकडे असावी लागते.